देवगांडुळाचं सुतक

लोणावळ्याच्या पर्यटकांसाठी पोहायचा हौद बांधायला श्रीपतीनं ओढ्याकाठी जेसीबी लावला. पहिल्याच ढिगाऱ्यात वर आलेलं लांबुळकं जनावर साप समजून त्यानं फावड्यानं ठेचलं. "बाबा, साप नाही, देवगांडूळ! बेडकांच्या लांबच्या नात्यातलं. कोट्यवधी वर्षांचं घराणं, पण जवळची भावकीच उरली नाही. ही जात संपली, की वंश बुडाला," कॉलेजात शिकणारी प्रतीक्षा कळवळली. हौसाबाई लेकावर कडाडली, "आदी बगावं, मग हाणावं, मुडद्या! आपल्यात एक गेला, साठ घरं सुतक धरत्यात. ह्याचं कोण धरणार?" "आये, गांडुळाचं सुतक?" "तू मारलंस, तूच धर. दहा दिवस हितं कुदळ लागायची न्हाई." ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. श्रीपती रडकुंडीला आला. "आन् दहाव्यानंतर?" "दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, तर खण. मेलेल्याची इच्छा ह्या ओढ्यातच अडकलीया. बस कावळ्याची वाट बगत."