झाकलेलं ताट

मढच्या पोल्ट्रीत लाईट गेली की चांगदेव भरल्या ताटावरून उठायचे. पंखे थांबले तर कोंबड्या गुदमरतील, म्हणून पळत जाऊन हँडल मारून जनरेटर चालू करायचे. पत्नी साळुबाई ताट झाकून ठेवायच्या. मुलगा गोरख आपोआप चालू करणारं पॅनल बसवू म्हणाला की ते हसायचे, “मीच हाय की तुमचा आटोमॅटिक!” चैत्रात हँडल मारतानाच ते कोसळले. तेरावं झाल्यावर गोरखनं पॅनल बसवलं. आज दुपारी जेवताना लाईट गेली. साळुबाईंनी सवयीनं गोरखच्या ताटावर परात पालथी घातली. तेवढ्यात शेडकडून जनरेटरचा आवाज आला, पंखे फिरू लागले. “बघ आई, आता कुणाला उठायला लागत न्हाई,” गोरख म्हणाला. साळुबाई दाराकडेच बघत राहिल्या. परात त्यांनी उचलली नाही. “सुरू झटक्यात व्हतं रं,” म्हणाल्या, “पर जेवायला माघारी येत न्हाई.”