हेल्मेटवरचा कॅमेरा

"यात तो कुठं हाय?" सावित्रीकाकींनी विचारलं.

टीव्हीवर लडाखची दरी होती. दोन्ही बाजूंना राखेत गेरू कालवावा तशा रंगाचे उघडे डोंगर, झाडाचं पान नाही, आणि खूप खाली नदीची हिरवी रेघ. पुढे काळ्या जॅकेटमधला एक जण बुलेटवर चाललेला.

"काकी, तो दिसणार नाही. कॅमेरा भूपेशच्या हेल्मेटवर होता," नीरज म्हणाला. "त्याला जे दिसत होतं, तेच आपण बघतोय."

"मग ह्यो फुडं कोन?"

"मी. बाकीची गँग मागे राहिली होती."

काकी टीव्हीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसल्या होत्या. पेणकरपाड्यातल्या त्या फ्लॅटचे पडदे त्यांनी भरदुपारी ओढून घेतले होते. बाळारामकाका गॅलरीत पाठ करून बसले होते. पोराची शेवटची क्लिप त्यांना बघायची नव्हती. पोलिसांकडून कॅमेरा परत आल्यावर नीरजनेही ती उघडली नव्हती. आज काकींनी फोन करून बोलावलं, म्हणून तो आला.

वळणावर टीव्हीतून भूपेश मोठ्याने हसला.

गॅलरीतली खुर्ची सरकली. काका घाईघाईने आत आले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही, घराच्या बंद दरवाज्याकडे पाहिलं. मग तिथेच भिंतीला हात लावून उभे राहिले.

एका उतारावर भूपेशची सावली रस्त्यावर पडली. काकींनी स्क्रीनवर तळवा ठेवला, तोवर ती निसटून गेली.

"सगला टाइम तुलाच बगत व्हता रं," त्या म्हणाल्या.

आणि मग वाऱ्यात फाटलेला, तरी स्पष्ट आवाज आला. "नीरज! थांब रे!"

काळं जॅकेट चालतच राहिलं.

"ए नीरज, थांब ना!"

एकदा जरी हाक मारली असती तरी मी थांबलो असतो, असं नीरजने याच खोलीत, बाराव्याला, सगळ्यांना सांगितलं होतं. त्याला खरंच तसं वाटत आलं होतं.

"बास," काका म्हणाले.

नीरजने क्लिप थांबवली. पुढे काय झालं ते तिघांनाही माहीत होतं.

"काकी, शप्पथ, मला ऐकू नाही आलं. वारा होता खूप."

काकी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. रागावल्या की नाही, त्याला कळेना.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून."

नीरजने लावली. तेच डोंगर, खाली तीच नदी. भूपेशचं हसणं येऊन गेलं, सावली येऊन गेली. नीरज काळ्या जॅकेटच्या पाठीवर डोळे रोवून बसला होता. आता हाक येणार होती.

"वळ," तो पुटपुटला. "मागे वळ ना."