नवा पंखा

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला आणि कल्याणने कपाळाला हात लावला.

"काय झालं रं?" आण्णांनी दारातून विचारलं.

"तेच. तापतोय."

"मग घडीभर निवू दी की."

कल्याण दात-ओठ खात पुन्हा बटणाकडे वळला.

प्रकरण साधं होतं. पुण्याच्या एका ॲनिमेशन कंपनीने त्याला चाचणी म्हणून अर्ध्या मिनिटाचं काम दिलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत पाठवलं तर गावात राहून नोकरी. नाही जमलं तर पुण्याला येऊन ऑफिसच्या मशीनवर बसायचं. कल्याणचं काम संपलं होतं. आता कॉम्प्युटरने एकेक चित्र रंगवून बाहेर काढायचं, आणि नेहमीच्या वेगाने त्याला शनिवारची संध्याकाळ उलटली असती. म्हणून हा ओव्हरक्लॉकिंगचा खटाटोप. प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा थोडं जास्त पळवायचं. जास्त पळाला की जास्त तापणार, म्हणून हा नवा, भला मोठा पंखा.

आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. आण्णा 'जाऊ नको' असं एकदाही म्हणाले नव्हते. "पुण्यात बाजरीची भाकर भेटती का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं, तेही दोनदा. कल्याणला जायचं नव्हतं. शेवगावजवळच्या आपल्या गावात, स्वतःच्या घरात, आवडीचं काम करून पोट भरता येत असेल तर कोण कशाला जाईल?

सकाळी सगळं अगदी नियमाने केलं होतं. आठवडाभर व्हिडिओ पाहून त्याला पाठच झालं होतं. जुना पंखा काढला, प्रोसेसर पुसून लख्ख केला, नव्या पंख्याच्या तांब्याच्या तळावरचा पारदर्शक पापुद्रा सोलला, प्रोसेसरचा ताप पंख्याकडे ओढून नेणारी पेस्ट त्यावर वाटाण्याएवढी ठेवली. तेवढ्यात बाहेर शेजाऱ्यांची म्हैस कडब्यात शिरली. कल्याण धावला. परत आला तेव्हा आण्णा पंख्यापाशी राखण करत बसले होते.

"आरशावानी चकाकतंय रं," ते म्हणाले आणि देव्हाऱ्यातला टाक द्यावा तसा दोन्ही हातांनी त्यांनी पंखा त्याच्या हातात दिला. पेस्ट वाळायच्या आत कल्याणने तो बसवला आणि चारही स्क्रू आवळले.

मग सुरू झाली रडकथा. वेग अगदी चिमूटभर वाढवला, व्होल्टेजला हातही लावला नाही, तरी टेस्ट सुरू होताच तापमानाचा आकडा नव्वदच्या पुढे गेला आणि मशीन बंद. वेग कमी केला, तरी बंद. होता तेवढ्यावर आणला, तरी आकडा उतरायला तयार नाही. मे महिना, वर पत्रे. दोष तरी कुणाला द्यायचा? त्यात आण्णांनी त्याच्यासाठी हौसेने आणलेल्या खुर्चीचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. कारण आण्णा काढू देत नव्हते. घामाने पाठ त्याला चिकटत होती आणि हलला की चर्रर्र आवाज व्हायचा. त्या आवाजानेही आता त्याच्या डोक्यात तिडीक जात होती.

शेवटी त्याने श्रीरामपूरच्या सुनीलला फोन लावला. सुनीलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"पेस्ट लावली का?" सुनीलने विचारलं.

"लावली."

"तळाची फिल्म काढली का? ती राहिली तर पंखा कितीबी फिरू दे, ताप आतच राहतो."

"काढली रे बाबा! माझ्या हातानं काढली. एवढा येडा न्हाई मी."

"मग एकदा उघडून बघ."

"उघडलं की नवी पेस्ट लागंल, आन माझी संपली. नगरला जाऊन येईपर्यंत दिवस जाईल."

"मग प्रोसेसरच तसला असंल. समदेच पळत न्हाईत, भावा. न्हाई नशिबात तर न्हाई."

कल्याणने फोन आपटला. तेवढ्यात आण्णा ओलं पोतं घेऊन आत आले आणि खिडकीला बांधू लागले.

"थंड वारं आलं तर बरं वाटंल त्येला..."

"आण्णा, तुमी कशाला बी हात लावू नका! तुमाला यातलं काय कळतंय?"

आण्णा थबकले. पोतं तसंच हातात घेऊन बाहेर गेले. कल्याणला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायचंही त्राण उरलं नव्हतं.

शनिवारची दुपार आली आणि गेली. कॉम्प्युटर धापा टाकत निम्म्यावरच पोचला होता. कल्याणने कंपनीला तसं कळवलं. सोमवारी हजर व्हा, असं उत्तर आलं.

सोमवारी सकाळी आण्णा त्याला सोडायला शेवगावच्या स्टँडवर आले. फडक्यात बाजरीच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. पुण्याची गाडी लागली. कल्याण खिडकीशी बसला.

"आण्णा, त्या दिवशी बोललो ते मनात ठिवू नका."

"न्हाई रं." आण्णांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "तू बिनघोर जा. मशीन मी झाकून ठिवतो."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तसे आण्णा दोन पावलं बरोबर चालले.

"आन त्या पंख्याला काय होत न्हाई बघ," ते खालून म्हणाले. "तू म्हशीमागं गेल्तास तवा त्याच्या बुडाचं प्लास्टिक निघून टेबलावर पडल्यालं. म्या हुतं तसं चिकटवलंय, एक फुगा बी राहू दिला न्हाई."