गाठीच्या चिंध्या

चिंध्या सहाच भरल्या.

नवं काम सुरू करण्याआधी उस्तादांनी डबा उपडा करून पुन्हा मोजल्या. सहाच. एखादी हात पुसण्यात गेली असेल, असं म्हणत त्यांनी निळ्या चौकड्यांच्या जुन्या टेबलक्लॉथचा आणखी एक तुकडा फाडला, टोकाला गाठ मारली आणि सात पुऱ्या केल्या.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाची ही सवय. इंजिनाचा पाइप उघडला की तोंडात चिंधी कोंबायची, म्हणजे आत कचरा पडत नाही. गाठ बाहेर ठेवायची, म्हणजे ओढायला बरी. आणि काम संपलं की मोजायच्या. हाताखालच्या पोरांना त्यांनी एवढी एक गोष्ट ठोकून ठोकून शिकवली होती.

आता गॅरेज बंद झालं होतं. घरामागच्या शेडमध्ये ते स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या गाडीत टर्बोचं इंजिन बसवत होते. इंजिन त्यांच्या मुलाच्या गाडीतलं. मुलगा वर्षापूर्वी चढावर ट्रक ओलांडताना गेला. गाडी कठड्यावर आडवी आदळली. दारं, टप सगळं चेपलं, इंजिनाला मात्र ओरखडाही नाही. ज्या गाडीत पोरगा स्टिअरिंग धरायला शिकला, तिच्यात त्याचं इंजिन घुमलं पाहिजे, एवढी एकच इच्छा उस्तादांना उरली होती.

"म्हाताऱ्या गाडीला तरण्याचं काळीज बसवताय की!" शेजारी थट्टेत म्हणाला आणि मग जीभ चावून निघून गेला.

काम सोपं नव्हतं. नवं इंजिन जुन्या जागेत मावेना. आधाराच्या पट्ट्या कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागल्या, रेडिएटर पुढे सरकवावा लागला, तारांचं तर नुसतं भेंडोळं. पाच महिने गेले. या पाचही महिन्यांत दिवा धरायला होती ती सून.

"दिवा जरा डावीकडे आला तर बरं होईल," उस्ताद इंजिनाकडे बघून म्हणाले.

दिवा डावीकडे आला.

वर्षभर हे असंच चाललं होतं. घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक दुसऱ्याशी थेट बोलत नव्हतं. "भूक लागली आहे," उस्ताद भिंतीला सांगत, आणि ताट वाढलं जाई. त्या दिवशी सुनेनेच नवऱ्याला फोन केला होता. जेवायला थांबलेय, लवकर या. म्हणून त्याने गाडी दामटली, असं उस्ताद चारचौघांत बोलले होते. "गाडीत खोट नव्हती, आदल्या संध्याकाळी मी स्वतः सगळी उघडून, तपासून दिली होती; खोट होती ती घाईत." सून मान खाली घालून म्हणाली होती, "हो, फोन मीच केला होता."

ट्रकवाला मात्र वेगळंच सांगत होता. गाडी घाईत नव्हती, बरोबरीला आली आणि मध्येच तिचा जोर गेला. उस्तादांनी ते उडवून लावलं. स्वतःची कातडी वाचवायला माणूस काय वाटेल ते बोलतो.

"हे इंजिन विकून टाकू या ना, बाबा," असं सून सुरुवातीला दोनदा म्हणाली होती. तेव्हापासून तर ती त्यांच्या मनातून पारच उतरली. नवऱ्याची एवढीच खूण उरलेली, तीही हिला नको!

उस्तादांनी टर्बोच्या, इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपावरच्या पट्टीला हात घातला आणि थबकले.

"हिचा स्क्रू खाली कसा? मी नेहमी वर ठेवतो. भंगारवाल्याने उघडलेलं दिसतंय."

"असेल," सून म्हणाली.

अपघातानंतर गाडी बघायला तीच गेली होती. उस्तादांचे पायच उचलले नव्हते.

संध्याकाळी शेवटचा नट आवळला गेला. उस्तादांनी चिंध्या काढल्या, मोजल्या. सात. चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, मग धरलं. टर्बोची बारीक शीळ शेडभर घुमली, तशी पोरगा वळणावरून येताना घरापर्यंत ऐकू यायची. उस्ताद बॉनेटवर हात टेकून लहान मुलासारखे रडले. खूप रडले. रडता रडता त्यांच्या लक्षात आलं, की दिवा अजून कुणीतरी धरून उभं आहे.

"पोरी," ते म्हणाले. वर्षात पहिल्यांदा. "झालं ते झालं. मी माफ केलं तुला."

तिने दिवा खाली ठेवला.

"बरं, बाबा."

"चल, फेरी मारून येऊ. त्याचं किचेन कुठे आहे? त्यातच लावतो चावी."

"थांबा, हात धुऊन देते मी."

पण उस्तादांना आता कुठला धीर! ते तरातरा घरात गेले, तिचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात तिने अपघाताच्या जागेवरून आणलेली पिशवी होती. पाकीट, तडा गेलेला चष्मा, बंद पडलेलं घड्याळ, किचेन. सगळं एकेक करून त्यांनी पलंगावर मांडलं. मागे सुनेची पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

पिशवीच्या तळाशी, नीट घडी घालून ठेवलेली, तेलाने काळी पडलेली निळ्या चौकड्यांची एक चिंधी होती. टोकाला त्यांच्याच हातची गाठ.