पोटातली आग

हेमांगी साळवीने पोटावर हात दाबला. ताणाच्या प्रयोगासाठी अरुंद नळीत अडकवलेला उंदीर धडपडला, की तिच्या मनगटावरचा पट्टा त्याची भीती आणि पोटातली जळजळ जशीच्या तशी तिच्यात उतरवायचा. प्राण्यावर प्रयोग करणाऱ्याने त्याचा त्रास स्वतः सोसलाच पाहिजे, असा आता कायदाच होता.

"सर, त्याच्या मेंदूतली रसायनं केव्हाच बिघडलीत. जठराला व्रणही पडायला लागलेत. आता सोडू या त्याला," ती म्हणाली.

"अजून थोडा वेळ. परवा निष्कर्ष द्यायचेत," बेडेकर सर चहा घेत म्हणाले. विभागप्रमुख स्वतः प्रयोग करत नसत, त्यामुळे त्यांना पट्ट्याची सक्ती नव्हती. "तू फार मनाला लावून घेतेस."

"मनाला नाही सर, पोटाला लागतंय. सकाळपासून तेच सांगतेय."

सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हेमांगीने वैतागून नळी उघडली. उंदीर पिंजऱ्यात पळाला, पाणी प्यायला आणि भुशात अंग चोरून झोपला. पडद्यावरची त्याच्या ताणाची रेघ हळूहळू खाली आली.

तिची जळजळ मात्र तसूभरही कमी झाली नाही. पट्टा काढून ठेवला, तरी नाही. म्हणजे ही आग उंदराची नव्हती, तिची स्वतःची होती. आणि ती कधीपासूनची, तेही तिला आठवेना.

"दुसरा उंदीर घे मग," सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"नाही होणार." हेमांगीने ॲप्रन खुंटीला अडकवला. "मी आधी जेवणार आहे आणि मग डॉक्टरकडे जाणार आहे. पुढचा प्रयोग तुम्ही करा."