सहाचा भोंगा

अमेरिकेतल्या आमच्या कौंटीला, म्हणजे जिल्ह्याला, दीडशे वर्षं झाली म्हणून इतिहास मंडळाने गावातला जुना भोंगा हौसेने दुरुस्त केला. पूर्वी तो रोज संध्याकाळी सहाला वाजायचा. बटण दाबायचा मान नदीच्या पुलापलीकडच्या, काळ्या लोकांच्या वस्तीतल्या, नव्वदी ओलांडलेल्या मिस ओझेलाला दिला.

"माझी आजी सांगायची, भोंगा व्हायच्या आत आमच्याकडे टेबलावर गरमागरम जेवण मांडलेलं असायचं," मंडळाची गोरी अध्यक्षा लॉर्ना कौतुकाने म्हणाली.

"माझी आईच मांडायची ते," ओझेला म्हणाली. "आणि मग जीव मुठीत धरून पुलाकडे पळत सुटायची. भोंग्यानंतर काळं माणूस गावात दिसलं तर त्याची खैर नसायची. हे नाही सांगितलं होय गं तुझ्या आजीने?"

लॉर्नाने घड्याळ पाहिलं. सहाला दहा मिनिटं कमी होती.

"तुम्ही दमला असाल, मिस ओझेला," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "घरी सोडायला गाडी सांगते हं. बटण काय, आमच्यातलं कुणीही दाबेल."



भोंगा ठरल्याप्रमाणे सहाला वाजला. तोवर मिस ओझेला सुखरूप पुलापलीकडे पोचली होती.