दोन गाठींचा हिरवा

"मामंजी, पोपट लाल विणलात की हो!" सून मागावर वाकून म्हणाली. चाळीस वर्षं पैठणी विणणाऱ्या नागनाथांच्या हातून असं कधीच झालं नव्हतं. "सासूबाईंना जाऊन महिना झाला नाही, चित्त कसं थाऱ्यावर राहील?" असं पुटपुटत ती लाल रेशीम उसवू लागली.

मागाशेजारी अभ्यासाला बसलेल्या नातीनं विज्ञानाचं पुस्तक पुढे धरलं. "आजोबा, हा वर्णपट. यात रंग किती, सांगा?"

त्यांना तीनच दिसले. "सात," ते म्हणाले. हे उत्तर बायकोनं पढवलेलं होतं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, त्यांचं व्यंग तिच्या ध्यानात आलं तेव्हा. तेव्हापासून रेशमाच्या कांड्या तीच भरायची आणि लाल धाग्याच्या टोकाला एक गाठ मारायची, हिरव्याला दोन. घरात कुणाला पत्ता लागला नाही.

सुनेनं नव्या कांड्यांची टोपली पुढे सरकवली. "मीच भरल्यात सकाळी. हिरवी घ्या आता."

नागनाथांनी एकेका धाग्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं. शेवटच्या कांडीपर्यंत एकही गाठ हाताला लागली नाही.

"डोळे भरून आलेत गं," ते म्हणाले. "तूच दे काढून."